दादासाठी केलेला बर्फ

आमच्या घरात पाणी चोरून पितात. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचं, माठात तांब्या बुडवताना आवाज होऊ द्यायचा नाही, भांडं ओठाला लावून प्यायचं, वरून घटाघटा नाही. असं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलेलं नाही. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत मोजून मिळायला लागलं, आणि हे आपोआप सुरू झालं. सोलापुरात नळाला काही रोज पाणी येत नाही. पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी वहिनी दादाच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवते. हौदात पडणारी धार त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

दादा माझा थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या करणं हा त्याचा धंदा. आधी ब्रशने रंगवायचा, नंतर ॲक्रेलिकची अक्षरं कापून त्यांच्या आत दिवे बसवायला लागला. घरामागचं पत्र्याचं शेड हा त्याचा कारखाना. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आम्ही एकाच घरात राहतो, आणि डायलिसिसला त्याला स्कूटरवर मीच नेतो. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा.

म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. घरातलं कुणी किडनी देऊ शकेल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. पुढच्या बऱ्याच तपासण्या असतात, डॉक्टर म्हणाले, आणि तुमच्या मिसेसशीही बोलावं लागेल. त्या शेवटच्या वाक्याला मी धरून बसलो. घरी येऊन दादा-वहिनीला सांगितलं, "ही तयार नाही. पोरांचं काय, म्हणते."

"बरोबर हाय की तिचं," दादा म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

खरी गोष्ट अशी की मी बायकोला विचारलंच नव्हतं.

उन्हाळा चढत चालला होता. एके दुपारी दादा कूलरसमोर पडल्या पडल्या म्हणाला, "बारक्या, मला बर्फ करून दे."

"फ्रीजमध्ये आहे की. देऊ एक खडा चोखायला?"

"खडा नगं. लादीचा कोपरा पायजे, हा एवढा. आपण सायकलवर आणायचो तसला. शेडमदी ॲक्रेलिक पडलंय, खालनं दिवा सोडायचा. ते वितळत बी न्हाय आन् डॉक्टर बी वरडत न्हाय."

लहानपणी गल्लीत कुणाचं लग्न असलं की बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचं काम आमच्याकडे असायचं. गोणपाटात गुंडाळलेली लादी कॅरिअरला बांधलेली, दादा सायकल ढकलणार आणि मी मागून धरणार. वितळलेलं पाणी माझ्या चड्डीवरून पायात उतरायचं. गल्लीच्या तोंडाशी दादा थांबायचा, गोणपाट बाजूला करायचा आणि आधी मला कोपरा चाटू द्यायचा.

मला हे काम मिळाल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो. त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि ते मला देता येण्यासारखं होतं.

एका सराफाच्या पाटीतून उरलेली जाड पारदर्शक शीट शेडमध्ये होती. तिचे तुकडे कापून मी एकावर एक रचले. त्यांच्या फटीत सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडायचा, म्हणजे दोन तुकडे विरघळून एकमेकांना धरतात. त्या वासात बसायची दादाला बंदी, म्हणून तो खुर्ची टाकून दारात बसायचा आणि तिथून बोलायचा.

"सुई अशी धरतात व्हय? आमच्या नर्सबाई बऱ्या तुझ्यापरीस."

जोड पक्का झाल्यावर ठोकळा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून हॅकसॉने तिरके काप घेतले. ओबडधोबड कडा कानशीने काढल्या. पुढे पॉलिश पेपरचं काम. बारीक पेपर कोरडा चालत नाही. पाण्यात बुडवून घासावा लागतो, सारखा. त्याच्यासमोर घमेलंभर पाणी घेऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "दादा, तू आत जाऊन पड."

"बसू दे रे. डोळ्यानं पितोय. ह्यानं वजन वाढत न्हाय."

डायलिसिसच्या आधी त्याला काट्यावर उभं करतात. आदल्या दिवशी चोरून पाणी प्याला असेल तर तिथे लगेच कळतं. त्यावर तो नेहमीच विनोद करतो. मी हसलो. घमेल्यातलं पाणी ॲक्रेलिकच्या पिठाने दुधासारखं झालं होतं आणि तो त्याच्याकडेच बघत होता.

एकदा डायलिसिसहून आल्यावर दादा गाढ झोपला होता. मी शेडमध्ये घासत बसलो होतो. बायको चहा घेऊन आली. तिचं माहेर करकंबचं. बोलताना ती कधी आवाज चढवत नाही.

"काल जाऊबाईंनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला," ती म्हणाली. "म्हणाल्या, तुझी कायबी चूक न्हाय गं. पोरांची आई हाईस, तू न्हाईच म्हणणार."

माझा हात थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गप बसले. मला कशाची माफी मिळालीया तेच आधी कळंना." तिने कप माझ्याशेजारी ठेवला. "मला कवा विचारलं तुमी?"

मी पुन्हा घासायला लागलो.

"आता विचारा की. हितंच हाय मी."

मी म्हणालो, "ह्याच्याहून बारीक पेपर त्या फळीवर आहे का बघ जरा."

तिने पेपर काढून दिला. मी न प्यालेला चहा तिने उचलला आणि दारापाशी जाऊन ती म्हणाली, "न्हाईच विचारणार तुमी. मी व्हय म्हणंन, ह्याचीच भीती हाय तुमाला."

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. तिने वहिनीला खरं काय ते सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. माझा दोष ती या घरात रोज स्वतःच्या अंगावर वागवते, भाकऱ्या थापते, दादाचं बिनमिठाचं जेवण वेगळं करते.

शेवटच्या दिवशी दादाने गॅसचा टॉर्च पेटवायला लावला. घासलेलं ॲक्रेलिक पांढुरकं दिसतं. त्यावरून निळी ज्योत पटकन फिरवली की पृष्ठभाग किंचित वितळतो आणि काचेसारखा स्वच्छ होतो. "एका जागी थांबू नगंस, पळव, पळव," दादा दारातून ओरडत होता. एकेक बाजू उजळत गेली. शेवटी हातात खरंच बर्फ आल्यासारखं वाटलं. आरपार, थंडगार दिसणारा. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दादाच्या उशाशी जाणारी प्रत्येक वस्तू आम्ही स्पिरिटने पुसतो. त्याच्या सुया टोचायच्या हाताला जंतू लागू नयेत म्हणून वहिनीने लावलेली शिस्त. मी स्पिरिटची बाटली घेतली, फडकं भिजवलं आणि ठोकळा चहूबाजूंनी नीट पुसला.

थोड्याच वेळात आत एक रेघ दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता केसांसारख्या बारीक तड्यांचं जाळं सगळ्या ठोकळ्यावर पसरत गेलं.

"आच दिलेल्या ॲक्रेलिकला स्पिरिट चालत न्हाय," दादा शांतपणे म्हणाला.

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू बाटली घेतलीस तवा बोलणार हुतो. मग म्हटलं, थांबावं. विचारतोय का बघावं." तो हसला. "तू कुणाला विचारत न्हाईस बघ, बारक्या."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला नेमकं किती माहीत आहे, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्याचं लक्ष ठोकळ्याकडे होतं.

"पुन्हा घासून काढतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. खरा बर्फ बी पाण्यात टाकला की असाच तडकतो."

लाकडी बैठकीत भोक पाडून त्यात मी एलईडीची पट्टी बसवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो बर्फ त्याच्या उशाशी ठेवला. उन्हाच्या तलखीमुळे खिडक्या बंद होत्या, खोलीत अंधार होता. बटण दाबल्यावर उजेड खालून चढला आणि प्रत्येक तड्यात अडकला. वहिनी दारात उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला.

"भावजी, किती करता हो ह्यांच्यासाठी," ती म्हणाली.

दादा बराच वेळ बघत राहिला. मी त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायची वाट बघत होतो. त्याने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"बंद कर, बारक्या."

"आवडला नाही?"

"लई झ्याक झालाय. तहान लागतीया."

मी बटण बंद केलं. त्यानंतर ते कुणी लावलेलं नाही. वहिनी रोज त्यावरची धूळ पुसते, कोरड्या फडक्याने.

खोलीतून मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटलं. बायको ओट्यापाशी होती. तिने माठातून भांडं भरून माझ्या हातात दिलं. मी प्यालो. ती रिकामं भांडं हातात घेऊन माझ्यासमोर तशीच उभी राहिली, आता तरी ते विचारीन म्हणून.

"अजून थोडं दे," मी म्हणालो.

तिने ते दिलं, आणि मी तेही प्यालो, आवाज न करता.