पडद्यावरची डाळिंबी

लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा चिकपेटमध्ये खाली सासऱ्यांचं रेशमी साड्यांचं दुकान आणि वर आमचं घर होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वेबसाइट बनवायच्या क्लासला जात होते. अण्णांना ते भरतकामासारखं काहीतरी वाटत असावं. "सरी, शीक," एवढंच ते म्हणाले होते; सरी म्हणजे कानडीत 'बरं'.

त्याच सुमारास अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या नणंदेनं स्वतःच मुलगा पसंत केला आणि लग्न तिकडेच करणार म्हणून कळवलं. अण्णांनी अबोला धरला. तिचा फोन आला की ते जिना उतरून दुकानात जायचे. आणि मग एकदा जेवता जेवता मलाच म्हणाले, "लग्नात साडी तरी आपल्या दुकानातली नेसेल ना ती? तुझ्या त्या मशीनवर साड्या टाक. तिला निवडू दे."

म्हणजे बापलेकीत जे काही शिल्लक होतं ते माझ्या गळ्यात येऊन पडलं. मी पुरती घाबरले.

साड्यांचे फोटो काढले, स्कॅन करून आणले आणि घरच्या कॉम्प्युटरवर पान तयार केलं. क्लासचे सर म्हणायचे, मागचा रंग गडद ठेवला की अक्षरं उठून दिसतात. म्हणून मी मागे काळा रंग दिला, त्यावर शेंदरी अक्षरं, आणि दुकानाचं नाव चक्क लुकलुकणारं. मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचा पार चिवडा व्हायचा, त्यामुळे रंगांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली, तीही नागमोडी. मला ते फारच देखणं वाटलं. अण्णांनी चष्मा वरखाली करून पाहिलं.

"बोर्ड असा रंगवला तर गिऱ्हाईक सरळ पुढच्या दुकानात जाईल," ते म्हणाले. "आणि ही डाळिंबी? ही तर वीट आहे."

मग मी रंग बदलत बसले. घरी डाळिंबी जमली की क्लासमध्ये ती वांगी दिसायची. क्लासमध्ये जमवावी तर सायबर कॅफेत चॉकलेटी. नवरा म्हणाला, मॉनिटरचाच दोष आहे. सर म्हणाले, "इतना तो चलता है." कुणाचं खरं मानायचं? हळूहळू मला हातात धरलेल्या साडीच्या रंगाचीसुद्धा खात्री वाटेना.

आमच्या दुकानात साडीचा रंग कधी ट्यूबलाइटखाली ठरवत नसत. दारात नेऊन उजेडात बघायचा, ही रीत. अण्णांनी तोच उपाय काढला. "मशीन दारात आणा," ते म्हणाले. मी आणि नवऱ्यानं सगळं लटांबर खाली उतरवलं, वायर ताणून मॉनिटर उंबऱ्याजवळ स्टुलावर ठेवला. काचेवर ऊन पडलं आणि साडी दिसेनाशीच झाली. काचेत दिसत होता तो अण्णांचा स्वतःचा चेहरा. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"ह्यात काही कळत नाही," असं म्हणून ते आत गेले.

मी तिथेच गादीवर बसले. गादीवर नेहमीसारखी पांढरी चादर होती आणि तिच्यावर साड्या उलगडून पडल्या होत्या. वर जाऊन मी काळा रंग काढला, पांढरा टाकला, अक्षरं साधी, सरळ, काळी केली, लुकलुकणं बंद केलं. साड्या पहिल्यांदा साड्यांसारख्या दिसल्या. तरी डाळिंबीबद्दल मनात पाल चुकचुकत होतीच. शेवटी कंटाळून पानाचा पत्ता नणंदेला कळवला.

रविवारी तिचा फोन आला. अण्णा खाली गेले नाहीत, पेपर उघडून बसले.

"वहिनी, ती तिसरी कुठल्या रंगाची? मला तपकिरी दिसतेय."

"डाळिंबी आहे हो. खाली लिहिलंय."

"लिहिलंय, पण दिसत नाही तशी."

मला रडूच फुटायला आलं. तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "तपकिरी कशी असेल? तुझा दिवाळीतला परकर आठवतो? तो. त्याहून स्वल्प गडद." मग देव्हाऱ्याचा पडदा निघाला, शाळेच्या रिबिनी निघाल्या, जुन्या स्कूटरचा रंग निघाला. इतक्या महिन्यांनी बापलेक बोलत होते ते फक्त रंगांबद्दल. मग अण्णा नुसतेच ऐकत राहिले.

फोन ठेवून म्हणाले, "पडद्यावर तिला कळत नाही म्हणते. तिकडच्या उजेडात बघते, तुम्हीच घेऊन या म्हणते." आणि जरा वेळानं, "पासपोर्टला काय काय लागतं गं?"

अण्णा साडी घेऊन अमेरिकेला जाऊन आले. नणंद डाळिंबीच नेसली. इकडे मी मात्र मनात कुढत होते, की आपल्याला साधा एक रंग जमला नाही.

परत आल्यावर एकदा दुकानात साड्यांच्या घड्या घालताना ते म्हणाले, "तिच्या मशीनवर तुझं ते पान बघितलं. डाळिंबी अगदी डाळिंबी दिसते गं. मग तेव्हा तिला तपकिरी कशी दिसली?"

मला आधी तिचा राग आला, मग हसू आलं, आणि मग डोळे भरून आले. अण्णा खरोखरच बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघत होते.

"मशीन बदललं असेल, अण्णा," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले, आणि पुढची साडी घ्यायला त्यांनी हात पुढे केला.