तांब्या पालथा पडायच्या आत

“गप बस रं. ह्या घरात धाकटं माणूस आधी बोलतंय.”

बापूंनी शेजारच्याला हे कुजबुजून सांगितलं, पण बापूंची कुजबुज दोन खोल्यांपलीकडं ऐकू जाते. आष्ट्याला आत्याच्या घरी आम्ही बसलो होतो. तिला जाऊन काही आठवडे झाले होते आणि गावातली चार माणसं तिच्या नावानं सभागृह बांधायचा प्रस्ताव घेऊन आली होती. पैसे सगळे सरकार देणार. गावानं फक्त जागा द्यायची. मोकळी जागा एकच उरलेली, आठवडा बाजाराचं मैदान, जिथं आसपासच्या बायका पोती अंथरून भाजी विकतात. घरच्यांनी हो म्हटलं तरच पुढचं ठरणार होतं. बाबा हो म्हणणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बहिणीचं नाव दगडावर कोरलेलं कुणाला नको असेल? पण त्या खोलीत सगळ्यांत धाकटी मी होते, आणि सगळे माझ्याकडं बघत होते...

आत्या म्हणजे गावाची आक्का. काही वर्षं ती राज्याच्या मंत्रिमंडळात होती. मला मात्र ती आठवते ती साताऱ्याला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. आष्ट्याहून मुंबईला जाताना ती वाटेत आमच्याकडं थांबायची. आम्ही जैन, त्यात आत्याचा नेम कडक. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. म्हणून यवतेश्वराच्या डोंगराआड ऊन जायच्या आत तिची गाडी दारात यायची आणि आई तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकायची. ताटाशेजारी तिचा स्टीलचा तांब्या. दिवस मावळताना शेवटचा घोट घेऊन ती तो पालथा घालायची. मग जेवण संपलं आणि चर्चाही संपली, समोर कितीही मोठा माणूस बोलत असो. दुसरा नेम धाकट्याचा. “मी आधी बोलले की तुमी सगळे माना हलवताय. नुसती नंदीबैलं,” ती म्हणायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं आणि मराठीत येईपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. “मला काही वाटत नाही,” हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की बापू मला ‘गैरहजर सभासद’ म्हणायचे. बापू म्हणजे आत्याचे जुने कार्यकर्ते, तासगावचे, बेदाण्याच्या शेडवाले.

टाळेबंदी उठल्यानंतरचे ते दिवस होते. बांधकामं अर्धवट, लोकांच्या हाताला काम नाही, राज्याच्या तिजोरीत खडखडाट. अर्थव्यवस्था सावरावी म्हणून केंद्रानं राज्यांना पैसे देऊ केले होते. रस्त्यांची, पुलांची कामं लगेच सुरू करायची. पण त्याला अट होती : शेतीपंपांना मीटर बसवायचे आणि विजेतली सवलत कमी करत न्यायची. पैसे घ्यायचे की नाकारायचे, हे मंत्रिमंडळात ठरणार होतं, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मुंबईला जाताना आत्या बापूंना घेऊन आमच्या टेबलाशी बसली होती. आत्याचा मतदारसंघ उसाचा आणि द्राक्षांचा, म्हणजे पंप जवळजवळ घरटी.

“आणा की मीटर,” बापू ताटावरून म्हणाले. “फुडल्या निवडणुकीला तुमचं बटन सोडून बाकी समदी दाबतो.”

“आवं बापू, तुमी माझं कवा दाबलंय?” आत्या म्हणाली.

बाबा इंजिनिअर. ते म्हणाले, “तुमच्या भागातल्या पुलाचे खांब उभे आहेत, वर स्लॅब नाही. मजूर रोज चौकात येऊन बसतात. पैसे नाकारून त्यांना काय सांगणार?”

आत्यानं हात वर केला. “थांबा. धाकटं आधी.” आणि ती माझ्याकडं बघत बसली, ताटाला हात न लावता. आईनं भाकरी झाकून ठेवली. ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं. माझ्याजवळ एक प्रश्न होता, पण इतक्या माणसांत तो बाहेर येईना... शेवटी तिनं पाणी घेतलं, तांब्या पालथा घातला आणि न जेवता उठली. चिडली नाही. गाडीत बसल्यावर मी काचेपाशी गेले.

“आत्या, पैसे एकदाच येणार?”

“व्हय, एकदाच.”

“आणि अट?”

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. “कायमची,” ती म्हणाली. “हे आत का न्हाई बोललीस? ऐकायला चार माणसं व्हती की.” मग हसली. “असू दे. मुंबईपतोर मला एवढं पुरंल.”

पुढं काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. माझा प्रश्न तिनं बैठकीत विचारला. काही हसले, काहींनी अटीचा कागद पुन्हा काढला. चर्चा लांबली. शेवटी तिनंही पैसे घ्यायच्या बाजूनं मत दिलं. “काम बंद पडलेल्या माणसाला म्होरल्या वर्साचं सांगून त्याची चूल पेटत न्हाई,” ती म्हणाली. पण अट लोकांना आधी सांगायची, मग सही, एवढं तिनं मान्य करून घेतलं. आपल्या भागात सांगायला ती स्वतः फिरली. सुरुवात बापूंच्याच शेडपासून. “काम हाय, पूल हाय आणि मीटरबी हाय. तिन्ही घेतलंय. शिव्या मला द्या.” लोकांनी दिल्या. पुढच्या निवडणुकीत ती पडली. बापूंचा बेदाणा आज त्याच पुलावरून जातो, आणि पूल ओलांडताना बापू अजून मीटरला शिव्या घालतात.

पद गेल्यावर मुंबई सुटली, पण आत्या साताऱ्याला येत राहिली. ऊन असतानाच यायची, आणि टेबलाशी बसलं की आधी मला विचारायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का, बाबांनी गाडी विकावी का, अगदी आमटीला मीठ झालंय का. मी अडखळायचे. ती थांबायची. माझं वाक्य पुरं होईपर्यंत भाकरी निवली तरी चालेल, असं मला त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. त्याबद्दल तिचे आभार मी कधी मानले नाहीत. तिला ते आवडलंही नसतं... शेवटच्या आजारपणात सांगलीच्या दवाखान्यात बोलणं कमी झालं, तरी खिडकीतलं ऊन उतरायला लागलं की ती बोटानं तांब्या दाखवायची आणि मी तो पालथा घालायचे.

आणि आता तोच तांब्या आष्ट्याच्या टेबलावर उभा होता. आईनं सवयीनं भरून ठेवला होता. ऊन खिडकीच्या खालच्या गजापर्यंत आलेलं. प्रस्ताव घेऊन आलेल्यांपैकी एकानं घसा खाकरला, तेव्हा बापूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना काय ऐकायचंय ते मला माहीत होतं. कुणी घाई केली नाही. वाक्य मनात आधी इंग्रजीतच आलं. मी ते मराठीत येईपर्यंत थांबले.

“पैसे एकदाच येतील,” मी म्हणाले, “मैदान कायमचं जाईल. तेव्हा लोकांना काम हवं होतं, म्हणून आत्यानं हो म्हटलं. सभागृहावाचून कुणाचं अडलंय? बाजारावाचून अडेल. आपण नको म्हणू या, बाबा.”