कौल येईपर्यंत

ठोके नव्वदवर आले आणि मी पळतच बाहेर गेले. सखूच्या पोटातलं बाळ गुदमरत होतं. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला एकशेवीसच्या वर हवेत. ते नव्वदवरच राहिले की आम्ही वाट बघत नाही, सिझर करतो. शहर शेतांत शिरत होतं, तिथलं आमचं नवं हॉस्पिटल. ऑपरेशन थिएटरपुरतं पाणी टँकरनं आलं होतं, डॉक्टर मॅडम हात धुवून उभ्या होत्या. अडलं होतं फक्त सहीवर.

नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेलेला. त्या दुष्काळात त्यांच्या गावाकडं, पिशोरला, गवताची काडी नव्हती. म्हणून सही सासूची. कौसाबाई म्हणाल्या, "बिरोबाला कौल लावलाय, बाई. गावाकडनं फोन येऊ द्या."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार. ते कधी पडेल याला काही वेळ नसतो.

मी चिडले. आम्ही बौद्ध. घरात कुणी नशीब म्हटलं की वडील विचारायचे, कारण सांग. मी तोच पाढा वाचला, फुलाचा आणि नाळेचा काही संबंध नाही म्हणाले. बाई आणखी घट्ट बसल्या.

तेवढ्यात भूलतज्ज्ञ डॉ. इर्शाद आले. मी म्हटलं, तुमच्यात सगळं आधीच लिहिलेलं असतं ना, मग फुलाची वाट कशाला, तुम्हीच समजवा.

"लिहिलेलं आहे, सिस्टर, बराबर. लेकिन मला ते वाचता येत नाही, म्हणून तर सुई हातात घेतो." मग हळूच म्हणाले, "पेशंटला विचारलं का?"

मी विचारलंच नव्हतं. तिची सही पुरते हे मला पाठ होतं. वीस वर्षांची सवय मात्र नातेवाइकांमागं पळायची.

मी आत जाऊन विचारलं, तशी सखू कळ सोसत म्हणाली, "देव फुलातच बसलाय व्हय? कागद आणा."

मुलगी झाली. निळसर, गप्प. दोनदा तळवे चोळले. तिसऱ्यांदा चोळल्यावर अशी किंचाळली की मी मास्कच्या आत मोठ्यानं हसले. इतका आनंद मला स्वतःच्या लेकीच्या वेळीही झाला नव्हता.

सखूला वॉर्डात आणलं तेव्हा फोन आला, उजवा कौल. कौसाबाई म्हणाल्या, बिरोबानं वाचवलं. डॉक्टर म्हणाले, लिहिलेलंच होतं. मी ठोक्यांचा तक्ता उघडून कारण सांगायला लागले.

"ते तुमचं चालू द्या," सखू म्हणाली. "माझी लेक द्या आधी."

त्यानंतर रिटायर होईपर्यंत सहीचा कागद घेऊन मी आधी खाटेपाशी गेले, मग व्हरांड्यातल्या नातेवाइकांकडं.