दीड इंच गिलावा

मिस्त्रीने शेवटचं बांधकाम स्वतःच्या घरामागे केलं. पाच फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट उंच. आत कमोड, नळ, आणि धरून उठायला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा. विटा लागल्या चारशे दहा. माल कालवणारा तोच, विटा उचलणारा तोच, रचणाराही तोच. वय अडुसष्ट. वीस दिवस लागले. उमेदीत एवढं काम त्याने चार दिवसांत हातावेगळं केलं असतं, पण तेव्हा हाताखाली दोन माणसं असायची आणि गुडघे साथ द्यायचे.

खोली बायकोसाठी होती. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं. जीभ मात्र जागच्या जागी राहिली. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, एकशे चाळीस पावलांवर. मिस्त्री तिला पाठीवर घेऊन जायचा, दिवसातून तीनदा, कधी चारदा. लोक बघायचे. ती पाठीवरून म्हणायची, "लग्नात हात धरायला लाजत होतात. आता बघा." खोली झाली त्या दिवशी दांडा धरून ती आपली आपण उठली, भिंतीला टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "जन्मभर लोकांचे संडास बांधत फिरलात. आमचा नंबर लागला एकदाचा." एवढं कौतुक तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

पालिकेचा नियम असा, की घरामागे असं काही बांधायचं तर त्याच्या आणि कुंपणाच्या भिंतीच्या मध्ये तीन फूट जागा मोकळी सोडायची. मिस्त्रीने अर्ज दिला होता, पोच घेतली होती. पाया खणण्याआधी कुंपणापासून तीन फुटांवर दोरी बांधली आणि दोन्ही टोकांना तीनतीनदा मोजली. गवंडी माप धरतो ते विटेपासून विटेपर्यंत. विटेवर सिमेंटचा गिलावा चढतो तो नंतरचा, तो मापात धरत नाहीत. त्याच्या उस्तादाने त्याला तसं शिकवलं होतं आणि त्याने पुढे वीस-पंचवीस जणांना तसंच शिकवलं.

भिंत उभी राहिल्यावर त्याने बाहेरून पाऊण इंच गिलावा केला. माल थोडा उरला. समोर कुंपणाच्या विटा झिजलेल्या दिसत होत्या, म्हणून त्यांच्यावरही पाऊण इंच चढवला. कोणी सांगितलं नव्हतं. पण कालवलेला माल फेकून द्यायला त्याचा हात कधी धजला नाही.

तीन महिन्यांनी पालिकेचा मोजणीवाला गल्लीतली घरं तपासत आला. त्याने पत्र्याची टेप या गिलाव्याला लावली आणि त्या गिलाव्यापर्यंत ताणली. दोन फूट साडेदहा इंच. पंधरा दिवसांनी नोटीस आली. जागा दीड इंच कमी आहे. दंड भरून बांधकाम नियमित करून घ्या, नाहीतर पाडा. मान्य नसेल तर अपील करा.

मुलगी त्यांच्याकडेच राहायची, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. स्वतःचं मशीन घ्यायला तिने पैसे बाजूला टाकले होते. दंडापुरते ते पुरत होते. तिने ते आणून बापापुढे ठेवले आणि म्हणाली की भरून टाका, विषय मिटेल.

मिस्त्रीने पैसे परत केले. प्रश्न पैशांचा नव्हता. दंड भरायचा म्हणजे माप चुकलं असं सहीनिशी लिहून द्यायचं. चाळीस वर्षांत त्याची एकही भिंत कोणी पाडायला लावली नव्हती. त्याने मात्र हाताखालच्यांच्या कितीतरी पाडायला लावल्या होत्या, अर्ध्या इंचासाठीसुद्धा.

बायको खाटेवरून ऐकत होती. "दीड इंच म्हणजे तुमचं नाक," ती म्हणाली. "ते कापलं गेलं तरी चालेल. माझी खोली राहू द्या."

"तुझी खोली कुठे जात नाही," मिस्त्री म्हणाला.

पालिकेच्या फाटकापाशी टेबल टाकून बसलेला अर्जवाला त्याला म्हणाला की काका, घरातलं आजारपण लिहा, साहेबांना पाझर फुटतो. मिस्त्रीने त्याच्याकडून फक्त कोरा कागद घेतला. चार ओळी स्वतः लिहिल्या. चारही मापाबद्दल होत्या.

सुनावणीच्या दिवशी बाकावर अडीच तास गेले. मुलगी अर्धा दिवस खाडा करून बरोबर आली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने कागद पूर्ण वाचला, म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली. मग समजावून सांगितलं की नियमात मोकळी जागा म्हटलंय, वीट म्हटलेलं नाही, आणि गिलाव्याने जागा अडतेच. दंड भरलात तर आत्ता सही करतो. घरात कोणी आजारी असेल, खोली त्यासाठीच असेल, तर अर्धा दंड माफ करायचा अधिकारही मला आहे.

मुलीने मागून बापाच्या खांद्यावर बोट रुतवलं. सांगा, असा त्याचा अर्थ. मिस्त्रीने टेबलावरच्या आपल्या कागदावर बोट ठेवलं.

"माप चुकलेलं नाही, साहेब," तो म्हणाला. "गिलावा काढून देतो. मग लावा टेप."

साहेबाने मुलीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि आठ दिवसांची मुदत लिहून दिली. आठव्या दिवशी सकाळी अकराला मोजणी. भरली तर नोटीस रद्द, दंड नाही.

तीन फुटांच्या बोळात हातोडा मागे घ्यायला जागा नसते. प्रत्येक घाव मनगटातून द्यावा लागतो. वाळू चाळून घेतलेली, सिमेंट मोजून घातलेलं, दहा दिवस पाणी मारलेलं. असा गिलावा सहजासहजी सुटत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातचा असता तर नुसत्या ठोक्याने पोपडे पडले असते. हा विटेची साल घेऊनच निघत होता. दिवसभरात हातभर रुंद पट्टा मोकळा व्हायचा. संध्याकाळी छिन्नी धरलेली बोटं दुसऱ्या हाताने सोडवावी लागायची.

खोलीची भिंत चार इंची, तीही हादरू लागली. मिस्त्रीने कमोडवर पोतं टाकलं, दाराला आडवी फळी ठोकली. चार दिवस आत कोणी जायचं नाही. कुंपणाची बाजू आधीच संपली होती; खोलीच्या भिंतीच्या मध्यावर तो आला आणि सांधे निखळले. वरचे नऊ थर उतरवले आणि पुन्हा रचले. चाराचे आठ दिवस झाले. नव्या सांध्यांना पाणी लागतं, नाहीतर सिमेंटची भुकटी होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो बादली आणि तांब्या घेऊन भिंत भिजवायचा. एक वेळ चुकवली नाही.

पाठ गेली होती. बायकोला उचलणं आता त्याला जमत नव्हतं. मुलगी आणि शेजारीण मिळून तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीच्या टोकाला न्यायच्या, मुलगी कामावर जायच्या आधी एकदा आणि परत आल्यावर एकदा. मधले दहा तास काही नाही. मुलगी निघताना खाटेपाशी पाण्याची बाटली भरून ठेवायची. मिस्त्री दुपारी धुळीने पांढरा होऊन आत डोकवायचा. बाटली रिकामी दिसली की त्याला बरं वाटायचं.

"पाणी संपवलंस," तो म्हणायचा.

"तुम्ही तुमचं नाक सांभाळा," ती म्हणायची. तो हसून पुन्हा बोळात जायचा. तिच्या खाटेला लागून असलेल्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूने, त्याला रोज ओल दिसायची. आपल्याच बादलीतलं सांडत असेल, असं त्याने धरलं. पाण्याची बादली भरून नेताना कधी थेंब सांडला नव्हता त्याच्या हातून, पण आता वय झालं, असं मनाशी म्हणाला.

सातव्या दिवशी मुलगी घरी आली तेव्हा आई तिला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. ओठ फुटले होते. अंग भट्टीसारखं तापलं होतं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, की शेवटचं पाणी पोटात कधी गेलं. कोणाला सांगता येईना. मूत्रपिंडं थकली आहेत, जंतू रक्तात गेलेत, असं तो म्हणाला आणि सलाईनची बाटली लावली.

मुलगी आतून येऊन बाहेरच्या बाकावर बसली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "संडासला जावं लागू नये म्हणून रोज बाटली खिडकीतून ओतत होती ती. आत्ता जरा शुद्धीवर आली तेव्हा सांगितलं मला. भिंतीला तीन वेळा पाणी मारत होतात ना बाबा, त्याच्या शेजारीच."

मिस्त्रीने हात मांडीवर ठेवले. नखांत सिमेंट होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला तो घरी हजर होता, कारण वेळ दिलेली होती. मोजणीवाल्याने टेप विटेला लावली आणि विटेपर्यंत ताणली. तीन ठिकाणी. "तीन फूट पाव इंच," तो म्हणाला. "एवढं नेमकं कोणी करत नाही, काका." नोटीस रद्द झाल्याचा कागद नंतर टपालाने आला.

बायको तीन आठवड्यांनी घरी आली. नळी आणि लघवीची पिशवी लावून आली. ती आता कायमची, असं डॉक्टरने सांगितलं होतं. उजवं अंगही ढिलं पडलं होतं. मिस्त्रीने कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने तो वाचला की नाही, कळलं नाही.

"राहिलं का नाक?" तिने विचारलं. आवाज पूर्वीचा नव्हता. एवढंच बोलली.

पुन्हा गिलावा केला तर आता कोणी मोजायला येणार नाही. मुलीने एकदा तसं म्हटलंही. मिस्त्रीने केला नाही. साल निघालेल्या विटा तशाच उघड्या आहेत.

रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला तो पिशवी सोडवतो, घरामागे जातो आणि त्या खोलीत रिकामी करतो. त्यासाठी वाकावं लागतं. वाकल्यावर पाठ सरळ होत नाही. मग तो भिंतीतला दांडा धरतो आणि हळूहळू उठतो. दांडा पक्का आहे. जरासुद्धा हलत नाही.