चौपदरी सर

आमच्या सरांना कुठल्याच प्रश्नाला सरळ 'हो' म्हणता येत नसे. गडचिरोलीची बस आठला सुटते का, असं विचारलं तरी ते चष्मा पुसत म्हणायचे, "बहुतेक वेळा." वडशाच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. डीएनएला दोन पदर असतात, हे पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवतानाही ते थांबले, बोट वर करून "बहुतेक वेळा" म्हणाले आणि उरलेला तास त्यांनी चार पदरांवर घालवला. त्या दिवशी त्यांचं नाव चौपदरी सर पडलं.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. नागपूरचा एक मित्र त्यांना इंग्रजी शोधनिबंधांच्या झेरॉक्स पोस्टाने पाठवायचा. कॅन्सरला बळ देणाऱ्या काही जीनच्या जरा आधी, जिथून तो जीन चालू होतो तिथेच, डीएनए दुमडून चार पदरांची गाठ बसू शकते, असं त्यात होतं. "गाठ बसली का जीन गप," सर म्हणाले. "अन् औषधानं ते गाठ सुटूच नाई देली, तं?" रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस होते, अर्धा वर्ग पेंगत होता.

सर ढिवरांच्या घरचे. वडिलांनी तलावावर मासे धरून त्यांना शिकवलं होतं. ती चौपदरी गाठ दाखवायला सरांनी घरचं जाळं उसवलं आणि दोऱ्याची गाठ करून वर्गात आणली. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी वही आणायला गेले, तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उरलेलं जाळं मांडीवर घेऊन दारात बसलेल्या.

"पाय बाई, सासऱ्यानं विणलेलं जाळं कापून ठेवलं यायनं. आता मासोळ्या काय वर्गात धरतीन?"

"फाटलंच होतं ते," सर आतून म्हणाले.

"एका कोपऱ्यात," काकू म्हणाल्या.

शेवटच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी मला विचारलं, "डीएनएला पदर किती?" मी सरांची विद्यार्थिनी. "बहुतेक वेळा दोन," मी म्हटलं. परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेजारी बसलेले सर लगबगीने झेरॉक्स काढून समजावू लागले. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माणसाच्या जिवंत पेशीत ही गाठ कुणी पाहिली आहे का?"

मी सरांकडे पाहिलं. एका 'हो'ने माझं काम होणार होतं.

"नाई," सर म्हणाले. "अजून नाई."

माझे मार्क गेले आणि नागपूरचा एम.एस्सी.चा प्रवेश थोडक्यात हुकला. सर घरी येऊन माझ्या बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरीचं उत्तर बरोबर होतं. मलेच तिची बाजू मांडता नाई आली." मग पुढच्या प्रवेशासाठी वर्षभर त्यांनी मला घरी बोलावून शिकवलं. मी गेले, पण मनातला राग तसाच होता.

त्याच वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी मी पुस्तक उघडून बसले असताना काकूंनी खाटेवरून विचारलं, "तुमचं ते गाठीचं औषध कधी येते जी?"

"वेळ लागन."

"माह्या कामी येईन?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाई."

काकू माझ्याकडे वळून हसल्या. "पायलं? रोज बहुतेक, बहुतेक करते हा माणूस. आज म्हटलं असतं तं काय बिघडत होतं?"

पुढच्या प्रवेशाच्या आधीच काकू गेल्या. मला या वेळी प्रवेश मिळाला. सर मला नागपूरला जायला गोंदियाच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आले. फलाटावर मला राहवलं नाही. "सर, त्या दिवशी तुम्ही 'हो' म्हणाला नाहीत, म्हणून मी वर्षभर तुमच्यावर रागावले होते."

"मालूम होतं मले," सर म्हणाले. "खोटं सांगून तुले मार्क मिळवून देणं मले जमलं नाई, त्याचं काई वाटत नाई." गाडी येताना दिसली, तशी त्यांनी माझी पेटी उचलली. "तिले मात्र 'बहुतेक' म्हणाले पायजे होतं."

पेटी नीट बाकाखाली सरकवून ते उतरले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.