धाकूची सतरा अंडी

नार्व्याच्या धाकूने आयुष्यात एक मोठी चूक केली आणि ती कधी लपवली नाही. यंदा तीच चूक कागदावर लिहून त्याच्यापुढे सहीला आली.

डिचोलीबाहेरच्या एका प्राणी-सेवा केंद्रात तो अकरा वर्षं पिंजरे सांभाळतो. पहिल्याच वर्षी त्याच्या ताब्यात अजगराची अंडी आली. घरी कोंबड्या. कोंबडी आपली अंडी चोचीने फिरवते, आणि ती मेली तर माणसाने हाताने फिरवायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने अजगराचीही रोज सकाळी फिरवली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. कोणी विचारायच्या आत तो स्वतः केंद्राच्या डॉक्टरांकडे गेला आणि सांगून मोकळा झाला. डॉक्टरांनी अंडं कापून दाखवलं. आत बलक आणि रक्ताची एक रेघ. अजगराचं अंडं पडलं तसंच राहू द्यायचं असतं, उलटलं की आतला जीव गुदमरतो. तेव्हापासून अंडं उचलण्याआधी धाकू वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारतो. नवा माणूस कामावर आला की आपली फजिती त्याला स्वतःच सांगतो, म्हणजे तो तरी तसं करणार नाही.

व्यवस्थापक म्हणून अविनाश आला तेव्हा त्यालाही सांगितली. अविनाश पोट धरून हसला होता.

एप्रिलात तुयेच्या एका कारखान्याच्या आवारातून जखमी मादी आणली. तिने पिंजऱ्यात बावीस अंडी घातली. पाठ दुखावलेली, अंड्यांभोवती वेटोळं घालणं तिला जमेना. धाकूने ती थर्माकोलच्या पेटीत घेतली, ओलसर काथ्याच्या भुशात, प्रत्येकावर फुली मारून. पारा बत्तीसच्या वर जाऊ नये म्हणून तो दर दोन तासांनी झाकण उचलून बघायचा. घास हातात असला तरी उठायचा.

तिसाव्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला तेरेखोलला गेला. दोनच दिवस. परत येऊन बघतो तर पेटी रिकामी. अंडी पुढच्या खोलीत, काचेच्या कपाटात, वर दोन झगझगीत दिवे. मुंबईचे पाहुणे येऊन गेले होते. फोटो चांगले यावेत म्हणून अविनाशने अंडी ओल्या फडक्याने पुसून गोलात मांडली होती, नैवेद्याच्या लाडवांसारखी. वरची बाजू दाखवणारी फुली एकाही अंड्यावर उरली नव्हती. धाकूने काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"वयर खंयची बाजू आणि सकयल खंयची, आता माका कोण सांगतलो?" एवढंच तो बोलला. अविनाश म्हणाला, अंडीच आहेत, कोणाचं देवघर नव्हे.

धाकूने अंडी पुन्हा पेटीत ठेवली. पुढे बावीसातल्या पाचांतूनच पिल्लं बाहेर आली. आई तपकिरी, अंगभर गडद चट्टे. पिल्लं हळदीच्या पाण्यासारखी फिकट. चट्टे एकमेकांत मिसळून पाठीवर एकच लांब पट्टा झालेला. एकाच्या अंगावर तोही नाही. ऐन रंग भरायच्या दिवसांत या जिवांना चटका बसला होता. अविनाशने मात्र वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. 'दुर्मीळ सोनेरी अजगर' असं छापून आलं.

छापून आलं ते वनखात्यानेही वाचलं. नोंद बावीस अंड्यांची होती, मग सतरा कुठे गेली? चौकशीला खात्याच्या दीपा मॅडम येणार हे कळताच अविनाशने कागद तयार केला. 'कामगार धाकू याने कोंबडीच्या अंड्यांच्या सवयीने सदर अंडी दररोज फिरवल्यामुळे...' खाली सहीची जागा. सही केली तर नोकरी राहील. यापुढे अंड्यांना हात लावायचा नाही, फक्त झाडलोट करायची.

धाकूने कागद दोनदा वाचला. त्याचीच गोष्ट. त्याचेच शब्द. त्याने सही केली नाही. कागद घडी न करता टेबलावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दीपा मॅडम आल्या. अविनाशने सगळं रंगवून सांगितलं. "साधा माणूस आहे हो. डोक्यातून खुराडं जात नाही. पूर्वीही यानेच असंच केलं होतं, विचारा त्यालाच."

त्यांनी विचारलं. धाकू म्हणाला, हो, केलं होतं.

मग तो फ्रीजरकडे गेला. बुरशी धरत गेली तसं एकेक मेलेलं अंडं त्याने तिथे ठेवलं होतं. ट्रे आणून त्याने टेबलावर, त्या कागदावरच ठेवला. कातर घेतली आणि पहिलं अंडं उघडलं.

आत वीतभर अजगर, घट्ट गुंडाळलेला. डोळे, जबडा, शेपटीचं टोक, सगळं जागच्या जागी. फक्त रंग नव्हता.

"त्या वर्सा आत नुसतां रगत होतां, मॅडम. रोज फिरवल्यार इतको वाढता काय? ह्यो म्हयनोभर जगलो. मगीर भाजलो."

अविनाश हसला. कोंबडीवाला आता डॉक्टर झाला, म्हणाला.

धाकूने दुसरं उघडलं. मग तिसरं. तिन्ही सारखेच वाढलेले. दीपा मॅडमनी ट्रेखालचा ओला कागद ओढून काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. पाहुणे कोणत्या तारखेला आले होते, असं त्यांनी अविनाशला विचारलं. बघावं लागेल, तो म्हणाला. "फोटो काढलेत ना? त्यावर असेल," त्या म्हणाल्या.

अविनाश खिडकीबाहेर बघू लागला.

"पुरे, धाकू. मला कळलं," दीपा मॅडम म्हणाल्या.

"तुमकां कळलां. सायबान अजून बघूक नाय."

त्याने चौथं अंडं कापलं. अविनाशच्या अगदी पुढ्यात नेलं, आणि तो वळून बघेपर्यंत हातात धरून उभा राहिला.