ढाल एक, पंगती दोन

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आहे. मन फार थकलंय, म्हणून आजचंच लिहिते.

आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाने चिपळुणात ढाल जिंकली, त्याबद्दल आज शाळेत जेवण होतं. तीन वर्षांपूर्वी हाच संघ सगळ्यांकडून हरायचा. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या सावंत मास्तरांनी तेव्हा संघ हाती घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यांना कारण दिसलं. अस्पृश्य मानलेली दोन मुलं मोकळी उभी असली तरी त्यांच्याकडे कोणी चेंडू देत नसे. "चेंडू त्या दोघांच्या पायाला लागल्याशिवाय सरावात गोल धरणार नाही," असा मास्तरांनी नियमच केला. हळूहळू सवय झाली आणि संघ जिंकू लागला.

आज त्या दोघांची पानं बाहेर पडवीत मांडली होती.

"मास्तर, तुमचं पान इकडे हो!" शाळेच्या चिटणीसांनी आतून हाक मारली.

"असू दे. माझी दोन मुलं तिकडे आहेत," म्हणत मास्तर पडवीत जाऊन बसले.

बाकीची नऊ मुलं खाली मान घालून बसली. एकही उठलं नाही.

"बी.ए. बाई, वरण आणा! पदवीनं पोट भरत नाही," चिटणीस हसले.

मी घरातली पहिली पदवीधर. समतेवर भाषणं केली आहेत. हातात वरणाचं पातेलं होतं, पडवी समोरच होती. तरी मी आतच वाढत राहिले. मास्तरांनी त्या दोघांबरोबर कोरडा भात खाल्ला.

त्या नऊ मुलांवर मी कोणत्या तोंडाने रागावू? तुमच्यापैकी कोणी अशा वेळी उंबरा ओलांडला असेल, तर कसा, ते खरंखरं लिहा.